बाईंना विचारा : फोनला न कळणारी बोली आणि सव्वा मूठ गहू

(श्रावणाच्या तोंडावर आलेल्या पत्रांतली ही काही. नाव छापू नका असं बहुतेकांनी कळवलंय, म्हणून गावाचा तेवढा उल्लेख ठेवलाय. पत्रं लांब होती, ती थोडी आखडून घेतली आहेत.)

प्रश्न : बाई, मी मूळचा पारोळ्याचा, नोकरीनिमित्त पुण्याला हिंजवडीत असतो. यंदा आईला इकडे आणलं. तिला लिहिता येत नाही, म्हणून फोनमध्ये बोलून मेसेज कसा पाठवायचा ते तिला दाखवलं. ती माझ्या बहिणीसाठी बोलली, 'मनी आंडेर, काय करी ऱ्हायनी?' आंडेर म्हणजे मुलगी हे तुम्हाला सांगायला नकोच. फोनवर उमटलं, 'मनी अंधेर'. माझा मुलगा मोठ्याने हसला. आईने फोन खाली ठेवला आणि तेव्हापासून ती त्याला हात लावत नाही. आमची बोली अशुद्ध आहे का? की यापुढे फोनला कळेल तसंच बोलायचं?

उत्तर : भाऊ, सगळ्यात आधी आईजवळ बसा आणि सांगा की चूक त्यांच्या बोलण्यात नाही. फोनला मराठी म्हणून जे काही ऐकवलं गेलं, त्यात त्यांची बोली कोणी घातलीच नाही. तुम्ही संगणकाच्या धंद्यातले, तुम्हाला हे माझ्याहून चांगलं ठाऊक असणार. पण घरातल्यांनाही कळावं म्हणून लिहिते. बोललेलं टिपून घेणारी ही यंत्रं आधी माणसांच्या आवाजाचे तासन् तास आणि त्या आवाजाखाली लिहिलेला मजकूर, असं जोडीनं शिकतात. मग नवा आवाज आला की त्याच्याशी जुळणारे शब्द शोधतात, आणि दोन शब्द सारखेच जुळत असले तर आजवर जो जास्त वेळा भेटला तो लिहितात. तुमच्या फोनला 'अंधेर' भेटलाय, 'आंडेर' कधी भेटलीच नाही. आईचा उच्चार स्वच्छ होता. तो ओळखणारा कान तिथे नव्हता.

अशुद्ध म्हणण्याबद्दल. मी अमळनेरला नोकरीभर मराठी शिकवली. वर्गात येणारी निम्मी मुलं घरून अहिराणी, म्हणजे तुमच्या आईचीच बोली, घेऊन यायची, आणि पहिल्याच आठवड्यात कोणीतरी त्यांना सांगितलेलं असायचं की हे गावंढळ बोलणं बाहेर ठेवून या. माझं ठाम मत आहे की त्या एका वाक्याने आपल्या भागातल्या मुलांचं जेवढं नुकसान केलं तेवढं गणिताच्या नापाशीने केलं नसेल. अहिराणीला स्वतःचं व्याकरण आहे. 'ना, नी, नं' हे तिचे प्रत्यय, 'से' हे तिचं क्रियापद, आणि ते जिथे यायला हवेत तिथेच येतात. भाषाअभ्यासक ग्रियर्सनने हिंदुस्थानातल्या भाषांची पाहणी केली तेव्हा खान्देशीला, म्हणजे आपल्या अहिराणीला, मराठीच्या खंडात न घालता १९०७ सालच्या दुसऱ्याच खंडात, भिल्ली भाषांसोबत घेतलं. त्याची मांडणी पटो न पटो, ही बिघडलेली मराठी आहे असं त्यालाही वाटलं नव्हतं. २०११च्या जनगणनेत खान्देशी ही वेगळी भाषा म्हणून नोंदलेली आहे, बोलणारे १८ लाखांहून जास्त. आणि घरी अहिराणी बोलून मातृभाषेच्या रकान्यात मराठी सांगणारे त्यात धरलेले नाहीत. पुढच्या वेळी प्रगणक दारात येईल तेव्हा आईला स्वतः उत्तर देऊ द्या. मातृभाषेचा रकाना त्यांच्या तोंडून भरला जाऊ द्या.

सरकारनेही २०२२ साली 'भाषिणी' नावाची योजना काढली. आपल्या भाषांसाठी बोलणं टिपणारी, भाषांतर करणारी साधनं तयार करायची असा तिचा हेतू. पण तिचा मुख्य भर राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांवर, आणि अहिराणी त्यात नाही. भाषांच्या आंतरराष्ट्रीय यादीत मात्र अहिराणीला तीन अक्षरांचं स्वतःचं सांकेतिक नाव मिळालंय, एएचआर. लिपी देवनागरीच असल्यामुळे ती फोनवर लिहायलाही काही अडचण नाही. म्हणजे दार आहे. आत कोणी काही आणून ठेवलेलं नाही.

इथे मला बहिणाबाई आठवतात. १८८० साली असोद्याला जन्मलेली, अक्षरओळख नसलेली बाई. शेतात, जात्यावर ओव्या म्हणत गेली. त्या ओव्या मुलाने, सोपानदेवांनी, आणि नात्यातल्या एकाने टिपून ठेवल्या नसत्या तर १९५१ साली बहिणाबाईंबरोबरच त्या गेल्या असत्या. त्या गेल्यावर सोपानदेवांनी वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ साली पुस्तक निघालं. आज जळगावच्या आपल्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. (त्यांची बोली लेवा गणबोली, अहिराणी नव्हे. या दोन्हींची सरमिसळ करणारी भाषणं मी फार ऐकली आहेत, म्हणून मुद्दाम सांगते.) मला यातली सगळ्यात मोठी गोष्ट वाटते ती ही की सोपानदेव स्वतः प्रमाण मराठीत लिहिणारे कवी होते. आईची भाषा नीटनेटकी करून छापायचा मोह त्यांना सहज झाला असता. ती बोलीतच छापली गेली, म्हणून ती आज तिची आहे.

तुमच्या हातात सोपानदेवांच्या वहीपेक्षा कितीतरी मोठं साधन आहे. आईला मेसेज बोलायला लावू नका, त्यांना गोष्ट सांगायला लावा. अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, झोक्यावर कोणती गाणी म्हणत होत्या, कापूस वेचणीला जाताना काय बांधून न्यायच्या, सासरी पहिल्या दिवशी कोण काय बोललं. आवाज नोंदवा आणि मग नातवाला शेजारी बसवून तो शब्दन् शब्द लिहून काढा. 'ऱ्हायनी'चं 'राहिली' करायचं नाही. अडलेला शब्द मुलाने आजीलाच विचारायचा. हसलेल्या पोराला दुसरी शिक्षा नको. ऐकता ऐकता आजीला किती शब्द येतात हे त्याचं त्याला कळेल. पुढे वाटलं तर हीच नोंद भाषेसाठी आवाज गोळा करणाऱ्या एखाद्या प्रकल्पाला द्या. मात्र आईला विचारून, आणि सासरचं जे त्यांना चारचौघांत नको असेल ते वगळून. घरच्यांसाठी नोंद आधी, यंत्रासाठी नंतर, हा क्रम सोडू नका.


प्रश्न : ताई, आम्ही सुरतेत उधन्याला राहतो. माहेर-सासर दोन्ही शिंदखेडा तालुक्यातलं. मागच्या श्रावणात यांना कारखान्यातून सुट्टी मिळाली नाही आणि आमचं कानबाईला जाणं राहिलं. दिरांनी व्हिडिओ कॉलवर आरती दाखवली, आम्ही इथे हात जोडले. सासूबाई नंतर म्हणाल्या, 'देव फोनमा येत नही.' मला ते लागलं. शिवाय मुलगी सहावीत आहे. काकांकडे कानबाईच्या नैवेद्याच्या रोटांसाठी भावाच्या नावाचे गहू मोजले आणि तिच्या नावाचे नाही, हे तिने फोनवर पाहिलं. ती विचारते, मी घरातली नाही का?

उत्तर : ताई, तुमच्या सासूबाई निम्म्या बरोबर आहेत. कशात ते सांगते.

गडावरच्या, मोठ्या देवस्थानांच्या देवाचं दर्शन आता घरबसल्या घेता येतं आणि त्यात मला काही वावगं वाटत नाही. म्हाताऱ्या माणसाला, आजाऱ्याला त्याने आधार मिळतो. कानबाई मात्र जाऊन दर्शन घ्यायची देवता नाही. ती घरात येते. नागपंचमीनंतरच्या रविवारी नारळाला डोळे-नाक काढून, नथ घालून, दागिने लेववून तिला चौरंगावर बसवायचं, रात्रभर जागवायचं, गाणी म्हणायची आणि सोमवारी डोक्यावर घेऊन नाचत-वाजत नदीला न्यायचं. वर्षभर ज्या भावांचं एकमेकांशी बोलणं नसतं तेही त्या दिवशी एका उंबऱ्यात येतात, कारण रोट वेगवेगळे होत नाहीत.

त्या रोटांकडे बघा. आमच्या घरी शनिवारी मोठी काकू सूप घेऊन बसायची. घरातल्या एकेका पुरुषाचं नाव घ्यायचं, आणि त्याच्या नावाने सव्वा मूठ गहू सुपात टाकायचे. पाळण्यातल्या पोराचंही नाव घ्यायचं, मुंबईला गिरणीत असलेल्या काकांचंही. मूठ भरली की वर चिमटीभर, ती सव्वा. सगळ्या नावांचे गहू एकत्र, चण्याच्या डाळीबरोबर घरातच दळायचे. पुरणपोळी, खीर, गंगाफळाची (लाल भोपळ्याची) भाजी आणि ते रोट. रोट भाऊबंदांबाहेर कोणाला द्यायचे नाहीत, पुनवेच्या आत संपवायचे. कुटुंबात कोण कोण आहे याची मोजणी त्या सुपात व्हायची. शिधापत्रिकेपेक्षा पक्की.

आरती फोनवर दिसते. आरतीला चेहरा आणि आवाज लागतो, आणि फोन ते दोन्ही पोचवतो. पण दळणाला हात लागतो, जागरणाला अंग मोडावं लागतं, ते फोनमधून होत नाही. 'देव फोनमा येत नही' या बोलण्यात सासूबाईंना तुमची उणीव भासत होती असं मला वाटतं. ते वाक्य रागाचं समजून मनात ठेवू नका.

यंदा जमलं तर जा. उधना-जळगाव मार्ग आता दुहेरी झालाय, शिंदखेडा त्याच वाटेवर आहे, सगळं खान्देश सुरतेला याच रुळांवरून गेलं आणि कानबाईला, अखाजीला याच रुळांवरून परत येतं. सुट्टी नाहीच मिळाली तर एक करा. आरतीच्या वेळी फोन लावता तसा गहू मोजतानाही लावा. शनिवारी. स्वतःच्या हाताने भरलेली मूठ जाणाऱ्या कोणाबरोबर आधीच पाठवून द्या आणि सुपाजवळ आपलं नाव घेतलं जाताना ऐका. तुमच्या यजमानांचं नाव तसंही तिथे घेतलं जाणारच. पण नाव उच्चारलं जाताना कानावर पडणं वेगळं असतं, हे सुरतेला दोन खोल्यांत राहणाऱ्या माणसाला मी सांगायला नको.

आता मुलीचं. तिचा प्रश्न तुमच्या प्रश्नाहून मोठा आहे, आणि त्याला मी गुळमुळीत उत्तर देणार नाही. मोजणी पुरुषांची होती कारण मुलगी परक्या घरी जाणार आणि तिथल्या भाऊबंदकीत धरली जाणार असा हिशेब होता. पण लग्न होऊन गेल्यावर सासरी तरी तिची मूठ कुठे घेतात? तिथेही नवऱ्याची. म्हणजे दळणारी, लाटणारी, रात्रभर गाणी म्हणणारी बाई दोन्ही सुपांत नाही. कानबाई स्वतः बाईच्या रूपात येते, नथ घालून येते आणि तिच्याच सणाला घरातल्या लेकीची मूठ नसावी हे मला पटत नाही. माझ्या माहितीतल्या काही घरांनी मुलींच्या नावाने मूठ घ्यायला सुरुवात केलीय. कानबाई तिथेही येते.

फक्त रविवारी भरल्या घरात हा विषय काढू नका. आधी सासूबाईंना एकट्यात फोन करा, आणि बोलणं मुलीला करू द्या. 'आजी, माझी मूठ घेशील का?' असं नातीने विचारल्यावर नाही म्हणणारी आजी मी अजून पाहिलेली नाही. सासूबाई हो म्हणाल्या की दिरांचा प्रश्न उरत नाही.


प्रश्न : बाई, नातवाने व्हॉट्सॲपवरून आमच्या कुळाचा 'इतिहास' दाखवला. आमचे पूर्वज पाच हजार वर्षांपूर्वी इथले राजे होते असं त्यात आहे. गटातले सगळे खूश आहेत. मी चोपड्याचा, वय ७८. खरं धरू का?

उत्तर : आप्पा, धरू नका. ज्या लिखाणात कागद कोणता, कोणाच्या दप्तरातला, कोणत्या सालचा हे दिलेलं नसतं ते कितीही गोड असलं तरी इतिहास नव्हे. इतिहासाचार्य राजवाड्यांनी गावोगाव पायपीट करून, लोकांच्या माळ्यावरची दप्तरं उघडून मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे २२ खंड काढले. ते १९२६ साली धुळ्यातच वारले आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाने तिथे संशोधन मंडळ उभं राहिलं. आपल्या भागाचे जुने कागद तिथे आहेत. नातवाला एकदा तिथे घेऊन जा.

कुळाचंच पाहायचं असेल तर तुमच्याकडे येणाऱ्या भाटाची वही आहे. शिवाय घरातलं कोणी कधी त्र्यंबकेश्वरी जाऊन आलं असेल, तर तिथल्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळीत पाहा. आडनाव आणि मूळ गाव सांगितलं की ते बाड काढतात. आजोबा-पणजोबांची नावं, कोणाबरोबर आले होते ते, आणि लिहिता येत असेल तर खाली त्यांची सही. पाच हजार वर्षांच्या राजापेक्षा पणजोबांच्या हातचं वळण नातवाला दाखवा.


प्रश्न : मी धुळ्याला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. वडील कीर्तन करतात, आमचं गाव साक्री तालुक्यात पांझरेच्या काठी. गावच्या सप्ताहासाठी मी कृत्रिम बुद्धिमत्तेकडून एक अभंग लिहून घेतला. शेवटी 'तुका म्हणे' टाकलं. वडिलांना आवडला. मग मी खरं सांगितल्यावर ते भयंकर चिडले, दोन दिवस बोलले नाहीत. अभंग सोबत पाठवतोय. चांगला असेल तर कोणी लिहिला याने काय फरक पडतो? मी यात पाप केलं का?

उत्तर : पाप वगैरे मी म्हणणार नाही. तू खरं सांगितलंस, ते फार चांगलं केलंस. पण वडिलांचा राग रास्त आहे.

आधी अभंगाबद्दल, कारण तू तो वाचायला पाठवलास आणि मी तो नीट वाचला. मोठ्या अभंगाचं माप तुला घरातच कळलेलं असणार : तीन चरण सहा-सहा अक्षरांचे, चौथा चार अक्षरांचा, दुसऱ्या-तिसऱ्याचं यमक. तुझ्या दुसऱ्या कडव्यात पहिले तीन चरण बरोबर उतरलेत. चौथ्यात 'सापडला मला' आलंय, ती अक्षरं सहा झाली. नुसतं 'गवसला' असतं तर चार भरली असती. यंत्राला हे का साधलं नाही? कारण ते आपल्यासारखं अक्षर मोजत नाही. मजकुराचे तुकडे करतं आणि आधीच्या तुकड्यांवरून पुढचा कोणता येण्याचा संभव जास्त ते ठरवतं. हे तुकडे देवनागरीच्या अक्षरांवर तुटतातच असं नाही. गाणाऱ्याची जीभ मोजते. तुझ्या वडिलांनी तो टाळावर म्हणून पाहिला असता तर तिथेच अडखळले असते.

दुसरी गोष्ट मला जास्त खुपली. अभंगात इंद्रायणी आलीय. तुमच्या गावाला पांझरा आहे. यंत्राने हजारो अभंगांत इंद्रायणी वाचली म्हणून ती घातली. तू उन्हाळ्यात कोरड्या पडणाऱ्या पांझरेच्या वाळूत खेळलास, सप्ताहाची पंगत तिच्या काठावर उठते, आणि तुझ्या देवाजवळ नदी मात्र दुसरीच. ती ओळ तू लिहिली असतीस तर पांझरा आपोआप आली असती, मग भले दोन अक्षरं कमी पडली असती.

आणि आता 'तुका म्हणे'. कवीची नाममुद्रा ही शेवटी जोडायची शेपटी नाही. या ओळींमागे माझं जगणं उभं आहे, याचा जाब मला विचारा, असं सांगणारी ती सही आहे. तुकोबांनी कर्जखतं नदीत सोडली, लोकांचे शब्द सोसले, आणि त्यानंतर 'तुका म्हणे' म्हटलं. मुद्रा मिसळल्या की काय होतं ते नामदेवांच्या गाथेत दिसतं. विष्णुदास नामा नावाचा नंतरच्या काळातला कवी होता. त्याचे अभंग नामदेवांच्या अभंगांत मिसळले आणि कोणता कोणाचा हे वेगळं करता करता अभ्यासकांच्या पिढ्या गेल्या. तो तर भक्त माणूस होता, नावही त्याचं स्वतःचं होतं. तू संताची सही यंत्राच्या ओळींखाली केलीस. वडिलांनी ती उद्या कीर्तनात म्हटली असती, कोणी फोनवर टिपली असती, आणि दहा वर्षांनी एखाद्या भाविकाने ती तुकोबांची म्हणून पाठ केली असती.

एकाने बोलायचं आणि दुसऱ्याने लिहायचं याला आपल्या परंपरेत काहीच हरकत नाही. तुकोबांचे अभंग संताजी जगनाड्यांनी लिहून ठेवले. तू जिथे शिकतोस त्या धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत आणि साने गुरुजी ते लिहून घेत. फेब्रुवारी ते जून, अठरा अध्यायांची अठरा प्रवचनं. बोलणारा कोण आणि टिपणारा कोण हे तेव्हापासून आजवर जगजाहीर आहे. दोघांचंही नाव राहिलं आणि दोघांनीही एकमेकांचं नाव लपवलं नाही.

तेव्हा यंत्र वापर. शब्दाला यमक सुचत नसेल तर विचार, अर्थ अडला तर विचार. संतांची मुद्रा मात्र त्यात कधीही घालू नकोस, आणि यंत्राची मदत घेतली असेल तर म्हणण्याआधी सप्ताहात सांगून टाक. पांझरेवर चार चरण स्वतः लिही, आधी वडिलांना म्हणून दाखव. चाल त्यांना लावू दे. दोन दिवसांचा अबोला त्याने सुटेल.


प्रश्न : बाई, मी धडगाव तालुक्यातली, पावरा आदिवासी आहे. शहाद्याला बी.ए. करते, मराठी विषय घेऊन. कविता करते, पण मराठीत केली की ती माझी वाटत नाही आणि पावरीत केली की वाचणारं कोणी नाही. दर होळीला आमच्याकडे शहरातून कॅमेरे घेऊन लोक येतात, आमच्या माणसांचे व्हिडिओ टाकतात, त्यावर लाखो बघणारे मिळतात. त्यात आम्ही आहोत आणि नाहीही. मी काय करू?

उत्तर : तुझं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. शहाद्याच्याच परिसरातले भिल्ल कवी वाहरू सोनवणे यांची 'स्टेज' ही कविता तू वाचली नसशील तर आधी ती शोध. आम्ही खालीच राहिलो आणि ते स्टेजवरून आमचंच दुःख आम्हाला सांगत राहिले, असा तिचा आशय आहे. ती 'गोधड' या १९८७ सालच्या संग्रहात आहे. तेव्हा ते स्टेज होतं, आज तुझ्याकडे ते कॅमेऱ्याच्या रूपात येतंय.

काठी गावच्या राजवाडी होळीला मीही जाऊन आलेय. बावा-बुध्या होणारी माणसं होळीच्या आधी काही दिवस व्रत पाळतात, नेमाने राहतात, आणि मग अंगावर नक्षी काढून, मोरपिसांचा टोप घालून रात्रभर नाचतात. व्हिडिओत टोप येतो. व्रत येत नाही. बघणाऱ्याला वाटतं हा नाच आहे. ज्याने व्रत पाळलं त्याच्या दृष्टीने तो फेडलेला नवस असतो. हे बाहेरून येणारा माणूस वाईट असतो म्हणून होत नाही. तो संध्याकाळी येतो आणि सकाळी जातो, व्रताचे दिवस त्याने पाहिलेलेच नसतात. तू ते पाहिलेस. तुझ्या घरातलं कोणी व्रत धरत असेल तर त्या दिवसांत त्याच्या ताटात काय असतं, त्याच्याशी घरातले कसे वागतात, तो कुठे निजतो, हे तू लिहू शकतेस आणि दुसरं कोणीही लिहू शकत नाही.

काय दाखवायचं नाही हेही तुम्हीच ठरवा. गावात बसून मोठ्या माणसांशी बोला : या विधीला फोन चालेल, या विधीला नाही. देवाच्या जागी कॅमेरा बंद ठेवायला सांगायचा अधिकार गावाला आहे. शिकलेल्या मुलीने तो बोलून दाखवला तर वडीलधाऱ्यांना बळ येतं.

भाषेचं म्हणशील तर पावरीतच लिही. देवनागरीत लिही, उच्चार पडतो तसा. नर्मदेच्या काठी नर्मदा बचाव आंदोलनाने चालवलेल्या जीवनशाळांमध्ये पावरीतून लिहायला-वाचायला शिकवलेली मुलं आज तुझ्या वयाची आणि तुझ्याहून मोठी आहेत. वाचणारं कोणी नाही असं समजू नकोस. खाली मराठी अर्थ दे, पण मराठी कविता म्हणून नको, नुसता सरळ अर्थ. कवितेची जागा पावरीची आहे. आणि ती स्वतःच्या आवाजात म्हणून नोंदव, कारण तुझ्या आजीला ती वाचता येणार नाही, ऐकता येईल.

पुढची कविता अशी पाठव. पावरी वर आणि मोठ्या टाइपात, मराठी अर्थ खाली. संपादकांशी माझं बोलणं झालंय, दिवाळी अंकाआधी आली तर त्या अंकात पूर्ण पान ठेवू.